डोली उचलणारा हसतो तेव्हा

चीनमधल्या चोंगचिंग शहरातली ती बिल्डिंग आता बहुतेकांनी फोनवर पाहिली असेल. लिझिबा नावाचं स्टेशन, १९ मजली इमारत, आणि तिच्या सहाव्या ते आठव्या मजल्याच्या पोटातून मोनोरेल आरपार जाते. खाली रस्त्यावर जगभरातली पोरं आ करून उभी असतात आणि गाडी तोंडात शिरतेय असा फोटो काढतात. आमच्या फॅमिली ग्रुपवर हा व्हिडिओ आला की मागोमाग दोन मेसेज ठरलेले, एक म्हणजे "बघा चीन कुठे पोचला आणि आपण अजून खड्डे मोजतोय", आणि दुसरा "पाच हजार वर्षांची संस्कृती आहे, उगाच नाही".

आधीच सांगतो, मला स्वतःला चीनचं खूप कौतुक आहे आणि ते लपवायचं काही कारण नाही. आमच्या घरी आजीचं लोणचं चिनी मातीच्या बरणीतच मुरायचं, दुसऱ्या कशात घातलं तर तिला ते लोणचंच वाटायचं नाही. आपण दिवसातून चार वेळा जो चहा पितो तो शब्दासकट तिकडून आलाय. शाकुंतलाच्या पहिल्या अंकाच्या शेवटी दुष्यंत आश्रमातून निघतो, शरीर पुढे चाललंय आणि मन मागे ओढ घेतंय, तेव्हा कालिदासाला उपमा सुचते ती वाऱ्याविरुद्ध नेल्या जाणाऱ्या झेंड्याच्या चिनी रेशमाची. म्हणजे चीनबद्दल चांगलं वाटणं आपल्याकडे काही काल-परवाचं नाही. ज्या देशाने कागद दिला, छपाई दिली, ४५ हजार किलोमीटरच्या वर हायस्पीड रेल्वे टाकली त्याचं कौतुक करायचं नाही तर कुणाचं करायचं?

पण हे परदेशी लोकांचं चीन-कौतुक गेली तीनशे-साडेतीनशे वर्षं चालू आहे, आणि जितकं वाचत गेलो तितकं मला त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत गेली. कौतुक करणारा चीनकडे बघतो, पण चीनमध्ये जो माणूस वजन उचलतोय त्याच्याकडे बघत नाही, किंवा बघतो आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू बघून खूश होऊन पुढे जातो.

हे माझं निरीक्षण नाही, शंभर वर्षांपूर्वी एका चिनी लेखकानेच हे लिहून ठेवलंय. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल १९२० च्या शेवटी चीनला गेला, पेकिंग विद्यापीठात शिकवलं, तिथे न्यूमोनियाने इतका आजारी पडला की जपानी पेपरांत तो गेल्याची बातमी छापून आली, आणि परत आल्यावर १९२२ मध्ये त्याने चीनवर एक पुस्तक लिहिलं. त्यात एक प्रसंग आहे. कडक उन्हात ही मंडळी डोल्यांमध्ये बसून डोंगर ओलांडतायत, वाट खडकाळ आणि उभी चढणीची, वर पोचल्यावर डोलीवाल्यांना दहा मिनिटं विश्रांती दिली तर ते सगळे ओळीने बसले, चिलीम काढली आणि आपसात हसायला लागले, जणू जगात काही काळजीच नाही. रसेलला हे फार आवडलं, हा बघा खरा सुखी माणूस, आमच्या युरोपात हे हरवलंय, असा त्याचा सूर.

मघाशी म्हटलेला चिनी लेखक म्हणजे लू शुन, त्याने ते वाचलं. १९२५ च्या एका लेखात तो चीनचं कौतुक करणाऱ्या परदेशी लोकांचा हिशोब मांडतो. ज्याला काही माहीत नाही आणि म्हणून स्तुती करतो त्याला माफ करता येईल, ज्याला इथे मोठं पद मिळालं, मेजवान्या मिळाल्या आणि त्यात भुलून स्तुती करतो त्यालाही एकवेळ माफ करता येईल, पण दोन जण त्याला सहन होत नाहीत. एक तो जो चिनी माणसाला कमअस्सल समजतो आणि हे असेच राहावेत म्हणून मुद्दाम त्यांच्या जुन्या गोष्टींचं कौतुक करतो. दुसरा तो ज्याला प्रवासात मजा यावी म्हणून चीनमध्ये शेंडीवाले, जपानमध्ये लाकडी चपलावाले आणि कोरियात मोठ्या टोप्यावालेच दिसायला हवेत, सगळ्यांनी सारखे कपडे घातले तर त्याची ट्रिप फुकट जाते. आणि मग तो रसेलकडे येतो. रसेलचं म्हणणं कदाचित वेगळं असेल, एवढी सूट देतो, आणि म्हणतो की डोलीवाल्यांना डोलीत बसणाऱ्याकडे बघून न हसणं जमलं असतं, तर चीन आज आहे तसा कधीच राहिला नसता.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थेट अजिंठा आठवला. आमची ट्रिप होती, आईचे गुडघे दुखायचे म्हणून तिच्यासाठी डोली केली. चौघांनी खुर्ची खांद्यावर घेतली, पायऱ्या चढताना पुढच्या माणसाच्या मानेची शीर फुगलेली मला मागून दिसत होती, आणि वर पोचल्यावर तो घाम पुसत आईकडे बघून हसला, "आई, बरं वाटलं ना?" आम्ही सगळे खूश. घरी आल्यावर कितीतरी दिवस आम्ही सांगत होतो की काय माणसं आहेत, एवढं कष्टाचं काम आणि चेहऱ्यावर हसू. ते हसू खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण त्या हसण्यावर त्याचं पुढचं गिऱ्हाईक अवलंबून होतं, आणि तो न हसता, कपाळाला आठ्या घालून "लई जड आहे" म्हणाला असता तर आम्ही घरी येऊन काय सांगितलं असतं?

रसेल वाईट माणूस नव्हता हे मुद्दाम सांगायला हवं. परकीय सत्ता चीनला कशा लुबाडतायत यावर त्याने त्याच पुस्तकात कडक लिहिलंय. आणि म्हणूनच हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं, इतक्या चांगल्या, विचारी, चीनच्या बाजूने उभ्या असलेल्या माणसालासुद्धा तो डोलीवाला म्हणजे एका मुद्द्याचा पुरावा वाटला, आणि मुद्दा होता युरोपबद्दलचा.

त्याच्याही आधी हेच झालंय. सतराव्या शतकाच्या शेवटी जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ चीनबद्दल भरभरून लिहितो, पुढे फ्रेंच लेखक व्हॉल्तेअर तर आपला जगाचा इतिहासच चीनपासून सुरू करतो आणि बघा, पुरोहितांशिवाय, चमत्कारांशिवाय, नुसत्या विवेकावर केवढा देश चालतो, असं सांगतो. दोघांपैकी एकानेही चीनमध्ये पाय ठेवलेला नव्हता, माहिती बरीचशी जेझुइट पाद्र्यांच्या पुस्तकांतून आणि पत्रांतून यायची. व्हॉल्तेअरला फ्रान्समधल्या चर्चशी भांडायचं होतं, त्याला हातात काठी हवी होती, चीन ही काठी झाली. त्याच काळात दुसरा फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू त्याच चीनला जुलमी सत्तेचा नमुना ठरवत होता. आमच्या ग्रुपवरचा "आपण खड्डे मोजतोय" हा मेसेज मला व्हॉल्तेअरच्या घराण्यातलाच वाटतो, त्यात चीन फार थोडा आहे आणि आपल्या महापालिकेवरचा राग फार जास्त. राग खराच आहे, पण मग त्याला महापालिकेवरचा राग म्हणूया ना.

कौतुकाचं पुढचं रूप जास्त भयंकर आहे आणि त्याच्यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण त्यात आपलाही धागा आहे.

दुनह्वांगच्या मोगाओ लेण्या म्हणजे वाळवंटाच्या काठावरचं चीनचं अजिंठाच समजा, बुद्धाची शेकडो भित्तिचित्रं. १९०० साली तिथली देखभाल स्वतःहून अंगावर घेतलेल्या वांग युआनलू नावाच्या गरीब ताओ साधूला एका भिंतीमागे बंद केलेली खोली सापडली, आत छतापर्यंत पोथ्या. १९०७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्तान सरकारच्या नोकरीतला ऑरेल स्टाइन तिथे पोचला. त्याला चिनी वाचता येत नव्हतं, सोबत चिनी सेक्रेटरी होता. साधू पोथ्या दाखवायला तयार नव्हता. मग स्टाइनला कळलं की याची ह्युएनत्संगावर अपार श्रद्धा आहे, लेण्यांच्या समोर त्याने ह्युएनत्संगाच्या प्रवासाची चित्रंसुद्धा काढून घेतलीयत. स्टाइनने सांगितलं की मीही त्याचाच भक्त, त्याच्याच पावलांवर पाऊल टाकत हिंदुस्तानातून डोंगर आणि वाळवंट ओलांडून आलोय. आणि मग ज्या पोथ्या ह्युएनत्संगाने भारतातून नेल्या त्या आता भारतात परत जाव्यात अशीच त्याची इच्छा असणार, असा तो सगळा रोख. साधू विरघळला. २४ पेट्या भरून पोथ्या आणि ५ पेट्या चित्रं वगैरे गेली, बदल्यात लेण्यांच्या दुरुस्तीसाठी थोडी चांदी. त्यात इसवी सन ८६८ मध्ये छापलेलं वज्रसूत्र होतं, तारीख छापलेलं जगातलं सर्वात जुनं पूर्ण छापील पुस्तक, ते आज लंडनला आहे. काही चित्रं हिंदुस्तान सरकारच्या वाट्याला आली, ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. पुढच्या वर्षी फ्रान्सचा पेलियो आला, त्याला चिनी उत्तम येत होतं म्हणून त्याने निवडून नेलं. १९२४ मध्ये अमेरिकेतून वॉर्नर आला आणि त्याने भिंतीवरच्या चित्रांचे तुकडेच चिकटवून सोलून काढले.

स्टाइन ह्युएनत्संगाला मानत होता, ते ढोंग नव्हतं असं त्याचं लिखाण वाचून मला वाटतं. पण त्या खऱ्या आदराचाच त्याने कुलूप उघडायला वापर केला. आणि आपल्याला तर ह्युएनत्संग शाळेपासून माहीत. तो पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला आणि लिहून गेला की इथली माणसं स्वाभिमानी, उपकार करणाऱ्याशी कृतज्ञ, अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत, पण सूड घ्यायच्या आधी शत्रूला कळवतात. हे आपण किती अभिमानाने सांगतो, भाषणात, स्टेटसला, सगळीकडे. परक्याने केलेलं कौतुक किती गोड लागतं हे आपल्याला आतून ठाऊक आहे, त्यामुळे त्या साधूला मी भोळा म्हणू शकत नाही.

आणि बंदुकीच्या जोरावरचं तर बोलायलाच नको. १८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याने पेकिंगजवळचा युआनमिंगयुआन हा राजवाडा आधी लुटला, मग लॉर्ड एल्गिनच्या हुकमावरून ब्रिटिशांनी तो जाळला. त्या फौजेत पंजाबी पलटणी होत्या. ज्यांनी लुटलं त्यांनीच तिथल्या वस्तूंच्या सौंदर्याची वर्णनं लिहून ठेवलीत. तिथून उचललेलं एक छोटं कुत्रं राणी व्हिक्टोरियाला भेट गेलं आणि त्याचं नाव ठेवलं लूटी, आपल्याच लूट शब्दावरून. हे सगळं दुसऱ्या अफूच्या युद्धात घडलं. अफूची युद्धं ज्या मालावरून झाली त्यातली बरीच माळव्याची अफू मुंबई बंदरातून कँटनला जात होती आणि मुंबईतल्या कितीतरी देखण्या इमारतींत आणि मोठ्या देणग्यांत तो पैसा आहे. चीनशी आपलं नातं बुद्ध, चहा आणि रेशीम एवढंच नाही, हेही लक्षात ठेवावं लागतं.

विसाव्या शतकात दुसरी तऱ्हा आली, सरकार बोलावून दाखवतं आणि पाहुणा भारावतो. १९५८ नंतरच्या तीन-चार वर्षांत चीनमध्ये जो दुष्काळ पडला त्यात कमीत कमी दीड कोटी माणसं मेली, बऱ्याच अभ्यासकांच्या मते त्याहून कितीतरी जास्त. १९६१ मध्ये फ्रान्सवा मितराँ, जो पुढे फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झाला, चीनला जाऊन, माओला भेटून आला आणि चीनमध्ये दुष्काळ नाही असं ठामपणे सांगितलं. त्याला जे दाखवलं ते त्याने पाहिलं. सिच्वान, अन्हुई, हनान इथल्या खेड्यांत लोक झाडाची सालं खात होते तिथे त्याला कोण नेणार? ज्या देशावर तुमचं प्रेम आहे त्या देशातली भूक तुम्हाला दिसली नाही, आणि तुमच्या शब्दामुळे इतरांनाही दिसली नाही, याला मी फक्त चूक म्हणणार नाही.

"मग काय, चीनला नावंच ठेवायची का?" असं कुणी विचारेल. अजिबात नाही. द्वेषाने काय होतं हेही आपण पाहिलंय. १९६२ च्या युद्धानंतर भारतात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या सुमारे ३ हजार चिनी वंशाच्या माणसांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत कोंडलं, त्यातले काही कित्येक वर्षं तिथे होते, गुन्हा काय तर चेहरा. २०२० मध्ये आपल्याच ईशान्येकडच्या मुलामुलींना मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर "कोरोना" म्हणून हाका मारल्या. कौतुक आणि द्वेष यांत निवडायचं झालं तर मी डोळे झाकून कौतुक निवडीन. पण त्या कौतुकाला मेहनत करायला लावायला हवी असं माझं म्हणणं आहे.

मेहनत म्हणजे काय ते जोसेफ नीडहॅमकडे बघून कळतं. केंब्रिजचा बायोकेमिस्ट, चीनशी काही संबंध नाही. १९३७ मध्ये तिथे तीन चिनी संशोधक आले, त्यात नानजिंगची लू ग्वे-जेन होती. तिच्याकडून तो चाळिशीच्या उंबरठ्यावर चिनी शिकायला लागला, आणि तिच्याशी बोलता बोलता त्याला प्रश्न पडला की इतके शोध लावणाऱ्या देशात आधुनिक विज्ञान का उभं राहिलं नाही. १९४३ पासून युद्धाच्या काळात तो याच चोंगचिंगमध्ये राहिला, तेव्हा ती चीनची युद्धकाळातली राजधानी होती, जपानी बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेली. तिथून ट्रकने दूर दूर फिरून प्रयोगशाळांना सामान पोचवलं आणि ग्रंथ गोळा केले. चीनच्या विज्ञानावरच्या त्याच्या महाग्रंथाचा पहिला खंड १९५४ मध्ये आला, लू ग्वे-जेन पुढे त्या कामात त्याच्याबरोबर होती. त्याचंही कौतुक एकदा आंधळं झालं, कोरियन युद्धात अमेरिकेने जंतूंचा वापर केल्याच्या चिनी आरोपाची चौकशी करायला १९५२ मध्ये तो गेला आणि समोर ठेवलेल्या पुराव्यावर नको तितका विश्वास ठेवून बसला. पण उरलेलं आयुष्य त्याने प्रश्न विचारण्यात घालवलं, तेही चिनी भाषेत, चिनी माणसांबरोबर बसून.

आणि आपले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले, चोंगचिंगवरून येनानला, तिथून आघाडीवर. भाषा शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांना चिनीतून वैद्यकी शिकवली, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, वय ३२. पाच हजार वर्षांच्या संस्कृतीबद्दल त्यांना काय वाटायचं ते मी शोधत बसलो नाही. जखमी माणसाच्या पायाला काय झालंय हे त्याच्या भाषेत विचारता यायला हवं, म्हणून ते शिकले.

आज आपल्याकडे चीनवर मत नसलेला माणूस सापडणार नाही आणि चिनी वाचता येणारा मराठी माणूस शोधावा लागतो. लू शुनसारखा लेखक आपल्यापर्यंत येतो तो बहुतेक वेळा इंग्रजीतून, आणि आजचे चिनी लेखक जवळजवळ येतच नाहीत. इतक्या मोठ्या शेजाऱ्याबद्दल आपण अमेरिकन यूट्यूबरच्या तोंडून ऐकतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. विद्यापीठांनी, प्रकाशकांनी थेट चिनीतून मराठीत आणायचं काम हातात घ्यावं, वर्षाला दोन पुस्तकं आली तरी खूप. जानेवारी २०२५ मध्ये टिकटॉकवर बंदी येणार म्हणून अमेरिकन पोरं शाओहोंगशू या चिनी ॲपवर घुसली तेव्हा काही दिवस फार छान गोष्ट घडली होती, दोन्हीकडची साधी माणसं एकमेकांना भाजी कितीला मिळते, भाडं किती, ॲम्ब्युलन्सचं बिल किती येतं असं विचारत होती. मला ते लिझिबाच्या पन्नास व्हिडिओंपेक्षा मोलाचं वाटतं.

चोंगचिंगच्या एका कंपनीकडून आम्ही साचे घेतो, तिथली एक मुलगी आमच्याशी बोलते, इंग्रजी चांगलं आहे तिचं. एकदा कॉल संपताना मी उत्साहाने लिझिबाचं कौतुक केलं. ती थँक्यू म्हणाली आणि मग म्हणाली की तिचे वडील बांगबांग होते. मला शब्द कळला नाही. चोंगचिंग सगळं डोंगरावर वसलेलं, नदीच्या धक्क्यापासून वर शहरात यायचं तर नुसत्या पायऱ्या, त्यामुळे बांबूची काठी खांद्यावर टाकून दोन्ही टोकांना दोरीने ओझं बांधून वर नेणारे हमाल, ते बांगबांग. नव्वदच्या दशकात खेड्यांतून येऊन लाखो लोक हे काम करायचे, आता थोडे म्हातारे उरलेत. वडील शहरात, ती गावात आजीकडे, कारण १९५८ पासूनच्या हुकोऊच्या नियमाने माणसाची नोंद गावाची असेल तर शहरातली शाळा मिळणं मुश्कील, आणि ते तिच्या लहानपणीही तसंच होतं. ज्या शहराचे टॉवर बघून आपण थक्क होतो त्याचं सिमेंट, फ्रीज, सोफे त्या खांद्यांवरून वर गेलेत, आणि त्यांची स्वतःची पोरं गावात वाढली.

मग मी तिला आमच्या अजिंठ्याबद्दल सांगितलं. लेण्यांबद्दल बोलायला गेलो आणि बोलता बोलता डोलीबद्दल सांगून बसलो, चार माणसं, खुर्ची, पायऱ्या, आईला वर नेलं ते. तिने चित्रांबद्दल काहीच विचारलं नाही. तिने विचारलं, एका खेपेचे पैसे चौघांत सारखे वाटतात का, चढणीला पुढे कोण राहतं, आणि पावसाळ्यात लोक नसतात तेव्हा ते काय करतात.

मला यातलं एकही उत्तर देता आलं नाही. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा अजिंठ्याला जाणार आहोत, तेव्हा विचारून तिला कळवतो असं सांगितलंय.